मायलेज वाढवलं, मग स्पीड कुठे गेला?

या महिन्यात सायकलवाल्यांची पत्रं इतकी आलीत की बाकीच्यांनी जरा थांबा, पुढच्या अंकात तुमचं घेते. गंमत म्हणजे बहुतेकांचा प्रश्न एकच, जास्त चालवली तर जोरात चालेल का. तिघांची पत्रं निवडलीत कारण तिघांना उत्तर वेगळं आहे.

ताई नमस्कार. मी पुण्यात राहतो, वय ४१, आयटीत नोकरी. तीन वर्षं झाली आठवड्याला साधारण ६ तास सायकल चालवतोय पण सपाटीला ॲव्हरेज स्पीड ताशी २६ किलोमीटरच्या वर जातच नाही. गोव्याची हाफ आयर्नमॅन (पोहणं, सायकल, पळणं अशी सलग रेस) करायचीय. ग्रुपमधले सीनिअर म्हणतात नुसतं मायलेज मार, म्हणजे भरपूर किलोमीटर चालव, स्पीड आपोआप येतो. म्हणून मागच्या महिन्यात एकदम १२ तासांवर गेलो. आता ॲव्हरेज २४ वर आलंय, पाय सतत जड, झोप लागत नाही आणि घरचे वैतागलेत ते वेगळंच. व्हॉल्यूम, म्हणजे आठवड्याचे तास, वाढवून स्पीड वाढतो हे खरं का खोटं?

खरं आहे. पण सहाचे बारा एका महिन्यात करून नाही.

तुमच्या सीनिअरना मी चूक म्हणणार नाही. २०१७ साली एक अभ्यास आला होता, ७८ निरोगी पुरुष घेतले, पाच गट केले, कोणी आठवड्याला १ तास सायकल मारायची, कोणी २, असं करत शेवटचा गट ५ तास, सहा आठवडे. एक तासवाल्यांत बऱ्याच जणांना काहीच फरक पडला नाही, चार आणि पाच तासवाल्यांत मात्र एकही माणूस कोरडा राहिला नाही. पुढे ज्यांना फरक पडला नव्हता त्यांना आठवड्याला दोन तास वाढवून दिले तर तेही सुधारले. म्हणजे 'माझ्या शरीरालाच ट्रेनिंग लागत नाही' म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळांचा डोसच कमी असतो. आता तुम्ही आधीच ६ तासांवर आहात, तीन वर्षं आहात, त्यामुळे पहिला सोपा फायदा तुम्ही कधीच खाऊन संपवलाय, आता पुढचा हळू येणार.

हळू का, तर आत जे बदलतं ते आपापल्या वेळेने बदलतं. रक्तातलं पाणी एकदोन आठवड्यांत वाढतं, म्हणून सुरुवातीला सगळ्यांना भारी वाटतं. स्नायूंच्या पेशीत मायटोकॉन्ड्रिया (ऊर्जा तयार करणारे भाग) वाढायला आठवडे लागतात, बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दाट व्हायला त्याहून जास्त. आणि हे सगळं होतं विश्रांतीत, सायकलवर नाही. तुम्ही विश्रांतीच काढून टाकलीत. झोप न लागणं, पाय जड, ॲव्हरेज खाली, हे साठलेल्या थकव्याचं टिपिकल चित्र आहे, फिटनेस गेला असं समजू नका, तो थकव्याखाली दबलाय. पंधरा दिवसांत वर येईल बघा.

चार आठवड्यांचा हिशोब पाठवलात ते फार बरं केलंत, कारण खरी गोम तिथे दिसली. सगळ्या राइड्सना हार्ट रेट १४२ ते १५०, मंगळवारी तेवढाच, रविवारी पण तेवढाच. म्हणजे सोपी राइड सोपी नाही आणि कडक राइड कडक नाही, सगळं आपलं मध्यम, उपमा रोज खाल्ल्यासारखं. ६ तासांत हे खपून जातं हो, १२ तासांत अंगावर येतं. स्टीफन सायलर नावाचे संशोधक नॉर्वेत आहेत, त्यांनी वेगवेगळ्या खेळांतल्या अव्वल एन्ड्युरन्स, म्हणजे लांब दमाच्या, खेळाडूंच्या डायऱ्या तपासल्या तर साधारण ८० टक्के सेशन अगदी आरामात आणि उरलेली खरोखर दम काढणारी असं दिसलं. आपण हौशी लोक उलटं करतो, आरामात चालवायची लाज वाटते, कोणी ओव्हरटेक केलं की लगेच मागे लागतो. (मी पण लागते. परवा एका दूधवाल्याच्या मागे लागले होते.)

आता तुमचा २६ चा आकडा. हा आकडा फार छळतो, कारण सपाटीला तुमची लढाई हवेशी आहे आणि हवेशी लढायला लागणारी ताकद स्पीडच्या तिसऱ्या घाताने वाढते. २६ वरून २८ वर जायचं तर साधारण २० टक्के जास्त पॉवर लागते, ३० वर जायचं तर ४० टक्क्यांच्या वर. म्हणजे तुम्ही वर्षभर इमानदारीत ट्रेनिंग करून पॉवर १० टक्के वाढवलीत, जी चांगलीच कमाई आहे, तरी स्ट्राव्हा ॲपवर ताशी जेमतेम एक किलोमीटर जास्त दिसणार आणि तोही वारा समोरून असला तर तेवढाही नाही. म्हणून सपाटीचं ॲव्हरेज बघणं सोडा. चढावर हवा फारशी आडवी येत नाही, तिथे पॉवर १० टक्के वाढली की वेळही जवळपास तेवढाच कमी होतो. सिंहगडाला आज तासभर लागत असेल तर पाचसहा मिनिटं कमी झालेली डोळ्यांनी दिसतील. महिन्यातून एकदा सिंहगड, त्याच सायकलवर, साधारण त्याच हवेत, तुमचं मीटर तेच. सपाटीला फुकटचा स्पीड हवा असेल तर कोपर वाकवून जरा खाली बसा आणि ते फडफडणारं जॅकेट काढा, तेवढ्याने जे मिळेल ते मिळवायला पायांना कित्येक महिने लागतात.

आणि गोवा. मिरामारला २०१९ पासून ही रेस सुरू झाली, १.९ किलोमीटर पोहणं, ९० सायकल, मग २१.१ पळणं. इथेच व्हॉल्यूमची खरी किंमत कळते. ९० किलोमीटर २६ ने केलेत तर साडेतीन तासांना दोन मिनिटं कमी, २८ ने केलेत तर सव्वातीनच्या आत, म्हणजे पाऊण महिन्याची चिडचिड करून पंधरा मिनिटं. पण पाय शिजवून उतरलात तर ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या त्या दमट उकाड्यात पळताना ती पंधरा मिनिटं व्याजासकट परत जातात. लांब, सावकाश राइड्सनी पहिल्या तासाचा स्पीड फारसा वाढत नाही, तिसऱ्या तासाचा टिकतो. तुम्हाला तोच हवाय.

तर आता काय करायचं. हा आठवडा ४ तास, तेही फिरायला गेल्यासारखे. मग ७, मग ८, मग ९, आणि चौथ्या आठवड्यात परत ६. वरची मर्यादा ९-१० धरा, पोहायला आणि पळायलाही वेळ लागतो आणि घरच्यांनाही तुम्ही लागता. रविवारची राइड हळूहळू चार तासांपर्यंत न्या, शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे इतकी सावकाश, दोन शब्द बोलून धाप लागली की स्लो व्हा. आठवड्यात एकदा जुन्या कात्रज घाटात ८ मिनिटांचे चार इंटरव्हल (कडक तुकडे), मध्ये दोन मिनिटं आराम, आणि ते मात्र असे की चौथा संपल्यावर पाचवा नकोच वाटला पाहिजे. एवढं सहा आठवडे करा आणि सिंहगडचा टाइम मला कळवा.

ताई, मी कोल्हापूरचा, वय २०, एफवायला आहे. आठवड्याला १४ तास ट्रेनिंग करतोय. मुंबई-पुणे रेसमध्ये घाटाचा राजा (घाट सगळ्यात आधी चढणारा) व्हायचंय. २० तास केले तर होईन का? कोच नाही, सगळं मोबाईल बघून करतोय.

अरे वा, स्वप्न बघायचं तर असंच बघावं.

तुझ्या बाबतीत मी मायलेजच्या बाजूने आहे, वय आहे, वेळ आहे, अजून खूप वर्षं चालवायचीयत. तुला एक किस्सा सांगते. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये जर्मनीच्या चौघांनी ट्रॅकवर ४ किलोमीटरची टीम परस्यूट ३ मिनिटं ५९.७१० सेकंदांत मारली, चार मिनिटांच्या आत जाणारी ती जगातली पहिली टीम. आता चार मिनिटांची रेस म्हटल्यावर तुला वाटेल पोरं रोज ट्रॅकवर जीव तोडून स्प्रिंट मारत असतील. तर नाही. वर्षाला २९ ते ३५ हजार किलोमीटर रोडवर, बहुतांश हलक्या जोराने, त्यात स्टेज रेसेस (रोज एक टप्पा अशा कित्येक दिवसांच्या रेस), आणि ट्रॅकवरचं कडक काम शेवटच्या काही दिवसांत. रोजचे ८०-९५ किलोमीटर पडले बघ सरासरी, चार मिनिटांसाठी.

पण हे ऐकून उद्यापासून वीस तास सुरू करू नकोस, कारण दुसरी बाजूही आहे. १९९१ मध्ये अमेरिकेत कॉलेजच्या पोहणाऱ्या मुलांवर प्रयोग झाला, एक गट दिवसातून एकदा दीड तास, दुसरा सहा आठवडे दिवसातून दोनदा. दुप्पट पोहणाऱ्यांना जादा काहीच मिळालं नाही, उलट त्या काळात त्यांचा स्प्रिंट मंदावला. जर्मन मुलांनी ते मायलेज कित्येक वर्षांत चढवलं होतं, या पोरांवर अचानक टाकलं, आणि तुझा विचार दुसऱ्या प्रकारचा दिसतोय. मी स्वतः तिशीत असताना एका मे महिन्यात आठवड्याला ४०० किलोमीटर करायला गेले, पहाटे साडेचारला उठून, तिसऱ्या आठवड्यात असा खोकला धरला की पाऊस सुरू झाला तरी सायकल भिंतीलाच. त्यामुळे यंदा १४ चे १६, जमलं तर १७. वीस पुढच्या वर्षी बघू.

दुसरं, तू लिहिलंयस सकाळी नुसता चहा पिऊन तीन तास जातोस. हे बंद कर, आजपासून. तीन तास नीट मारलीस की १८०० कॅलरी सहज जातात, चहाने काय होणार. दोन तासांपेक्षा लांब राइड असेल तर दर तासाला ६० ग्रॅम कार्ब पोटात गेले पाहिजेत, दोन मोठी केळी आणि थोडी गुळाची चिक्की, झालं. रेसमध्ये ९० पर्यंत नेतात पण त्याची पोटाला सवय करावी लागते, तीही ट्रेनिंगमध्येच. घरी आल्यावर भाकरी, दूध, अंडी, तांबडा-पांढरा रविवारी, हात आखडू नकोस. व्हॉल्यूम वाढवून स्लो झालेली निम्मी पोरं मला उपाशी निघालीत.

तिसरं, रेसच्या आधी दोन आठवडे तास कमी करायचे, जवळपास निम्म्यावर आण, पण जोर कमी करायचा नाही, कडक इंटरव्हल तसेच ठेव, फक्त संख्या कमी. यात साधारण दोनेक टक्के सुधारणा मिळते आणि बोरघाटात दोन टक्के म्हणजे समोरच्या चाकाला चिकटून राहणं किंवा सुटणं. पोरं नेमकी उलटं करतात, घाबरून शेवटच्या आठवड्यात सगळा राहिलेला अभ्यास काढतात, परीक्षेसारखा.

आणि कोच शोध. कोल्हापुरात शोधलास तर मिळेल, मोबाईल तुझा चेहरा बघून आज घरी जा म्हणणार नाही.

नमस्कार ताई. नाशिकहून लिहितेय, वय ४६, शाळेत शिक्षिका. मागच्या महिन्यात पहिली २०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत संपवायची लांब पल्ल्याची राइड) १२ तास ५० मिनिटांत पूर्ण केली, त्यातले सायकलवर १० तास ५ मिनिटं. आता ३०० करायचीय पण स्पीड कमी पडेल अशी भीती वाटते. आठवड्याला ५ तासांच्या वर वेळ काढणं शक्यच नाही, शाळा, मुलगी दहावीला, सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन. व्हॉल्यूम न वाढवता काही होईल का?

अभिनंदन मॅडम. तुमच्याच आकड्यांवर जरा हिशोब मांडूया.

सायकल चालत असताना तुमचा स्पीड २० च्या आसपास आहे. ३०० ला २० तास मिळतात. अंधार, थकवा, सगळं धरून तुम्ही १९ ने चालवलीत तरी १५ तास ५० मिनिटं होतात, म्हणजे हातात चार तासांच्या वर उरतात. तुम्हाला स्पीडची गरजच नाही हो. २०० ला तुम्ही पावणेतीन तास थांबला होतात, तिथे बघा. कुठे थांबलात तुम्ही लिहिलं नाहीये पण मी सांगू शकते, मिसळ, फोटो, ग्रुपमधला एक पंक्चर आणि सगळ्यांनी मिळून बघत उभं राहणं.

तुमच्याच गावचं उदाहरण घ्या. डॉ. महाजन बंधूंनी २०१५ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका दोघांच्या टीमने पूर्ण केली, आणि २०१७ ला श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच एकट्याने, ११ दिवस १८ तास ४५ मिनिटांत. जवळपास ४,९०० किलोमीटर. भागाकार केला तर ताशी सतराच्या आसपास येतं, झोप, जेवण, सगळं धरून. आपल्या रविवारच्या ग्रुपपेक्षा कमी! लांब पल्ल्यात घड्याळ थांबत नाही, एवढाच त्यातला खेळ आहे.

पाच तासांत काय करता येईल ते सांगते. मधल्या वारी एक दिवस ४५ मिनिटं, त्यात चढावर चार-पाच मिनिटांचे कडक तुकडे. ही इंटेन्सिटी सोडू नका, १९८० च्या दशकात एका अमेरिकन संशोधकाने दाखवलं होतं की ट्रेनिंग केलेल्या लोकांनी सेशनची लांबी ४० मिनिटांवरून १३ वर आणली तरी जोर तोच ठेवला तर दम टिकतो, जोर कमी केला की जातो. तुमच्यासारख्या बिझी लोकांसाठी याहून चांगली बातमी नाही. बाकीचे तास एका रविवारच्या राइडला द्या, दर दुसऱ्या रविवारी थोडी लांब, म्हणजे कंबर, हात आणि सॅडलवर बसायची जागा सरावते, ती इंटरव्हलने सरावत नाही. घरीच आठवड्यातून दोनदा अर्धा तास स्क्वॉट वगैरे करा, वजन घेऊन. नॉर्वेत सायकलवाल्यांनी १२ आठवडे जड वजनं उचलली तर तीन तास सायकल चालवून झाल्यावरच्या शेवटच्या पाच मिनिटांत ते जास्त जोर लावू शकले. सेहेचाळीशीत हाडांसाठीही ते हवंच आहे.

आणि बीआरएमच्या दिवशी कंट्रोलवर (वाटेतल्या तपासणीच्या ठिकाणी) पोचलात की आधी कार्डावर शिक्का, मग बाटल्या भरा, मग बाथरूम, आणि दशम्या खिशातून चालत्या सायकलवर. मिसळीला वीस मिनिटं, दिवसातून एकदा. मुलीची दहावी आटोपली की ४०० चं बोलू.