सिझरनंतर नॉर्मल बाळंतपण: आधी ऑपरेशनची नोंद मिळवा

प्रश्न : पहिल्या वेळी कळा सुरू असताना बाळाचे ठोके मंदावले आणि सिझर करावं लागलं. तेव्हा पिशवीचं तोंड सहा सेंटीमीटर उघडलं होतं. त्याला आता अडीच वर्षं झाली. सध्या २६वा आठवडा आहे. पोटावरचा व्रण आडवा आहे. नॉर्मलचा प्रयत्न करावा का?

उत्तर : तुम्ही लिहिलंय त्यावरून तरी प्रयत्नाला वाव दिसतो. ठोके मंदावणं हे कारण या खेपेला पुन्हा येईलच असं नाही. तोंड पूर्ण उघडून, भरपूर जोर लावूनही बाळ खाली सरकलं नसतं तर आशा थोडी कमी धरावी लागली असती. एक सिझर झालेल्या आणि तपासणीत योग्य ठरलेल्या १०० जणींनी प्रयत्न केला, तर साधारण ६० ते ८० जणींची नॉर्मल होते. आधी एखादं नॉर्मल बाळंतपण झालेलं असेल तर हा आकडा ८५च्या पुढे जातो.

पोटावरच्या व्रणावर मात्र जाऊ नका. कातडीवरचा छेद आडवा असला तरी आत गर्भपिशवीवरचा उभा असू शकतो. पिशवीच्या वरच्या, जाड भागात उभा छेद असेल तर हा प्रयत्न करत नाहीत, कारण कळांचा सगळा जोर त्याच भागावर येतो. म्हणून पहिल्या रुग्णालयातून ऑपरेशनची नोंद मागून घ्या. डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘एलएससीएस’ असतं. त्यावरून छेद खालच्या भागात होता एवढंच कळतं. तो वर वाढवावा लागला का, कडेला फाटला का, हे मूळ नोंदीतच सापडतं.

खरी भीती जुना व्रण उसवण्याची. खालच्या आडव्या छेदाच्या बाबतीत हे साधारण २०० पैकी एकीला होतं. पण झालं तर बाळाला काही मिनिटांत बाहेर काढावं लागतं, म्हणून कुठे बाळंत व्हायचं हा प्रश्न आकड्याहून मोठा. ‘रात्री दोन वाजता भूलतज्ज्ञ इमारतीत असतात की घरून येतात?’ असं स्पष्ट विचारा. ऑपरेशन थिएटर, रक्त आणि बाळाच्या ठोक्यांचा सलग आलेख, तिन्ही हवेत. व्रण उसवत असल्याची पहिली खूण बहुतेकदा त्या आलेखातच दिसते. कळ ओसरल्यावरही न थांबणारं दुखणं, अंगावरून लाल रक्त जाणं, लघवीत रक्त, चालू कळा एकाएकी थांबणं, खाली आलेलं डोकं पुन्हा वर सरकणं या पुढच्या खुणा. पाठीत भूल घेऊन वेदना कमी करायला हरकत नाही. व्रण उसवल्याचं त्यामुळे लपून राहतं ही समजूत जुनी आहे.

दुसरी बाजूही पाहा. प्रयत्न फसून ऐनवेळी सिझर झालं, तर ठरवून केलेल्या सिझरपेक्षा रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग जास्त होतो. पण पुढे आणखी मूल हवं असेल तर दर सिझरगणिक वार (प्लासेंटा) जुन्या व्रणात रुतण्याचा धोका चढत जातो, आणि तो त्रास फार वाईट. दोनच मुलं हवी असतील तर हे पारडं हलकं होतं. ठरवून सिझर करायचं झालं तर ३९ आठवडे भरू द्या. त्याआधी काढलेल्या बाळाला श्वासाचा त्रास होण्याची शक्यता जास्त असते.

प्रश्न : सोनोग्राफीत व्रणाची जाडी कमी आली म्हणून नॉर्मल नको, असं सांगितलं. तारीख उलटली तर कळा आणता येतील का?

उत्तर : अमुक मिलिमीटरच्या खाली नकोच, अशी सर्वमान्य रेषा नाही. माप घेणाऱ्याच्या हातानुसारही ते बदलतं, त्यामुळे नुसत्या त्या आकड्यावर निर्णय ठरवू नये. त्याच सोनोग्राफीत वार कुठे आहे हे मात्र नक्की वाचा : वार पिशवीचं तोंड झाकत असेल तर नॉर्मलचा विषय संपला, आणि ती जुन्या व्रणावर असेल तर रुतली आहे का याची वेगळी तपासणी हवी.

कळा आपल्याआप सुरू होणं सर्वांत चांगलं. औषधाने आणल्या तर व्रण उसवण्याचा धोका दोन-तीन पटींनी वाढतो. मिसोप्रोस्टॉलची गोळी तर दिवस भरल्यावर जुना व्रण असलेल्या बाईला देतच नाहीत. तोंड उघडायला फुग्याची नळी हा त्यातल्या त्यात सौम्य मार्ग. तारीख उलटल्यावर किती दिवस थांबायचं आणि मग फुगा की सिझर, हे ३६व्या आठवड्याच्या भेटीतच डॉक्टरांशी ठरवून फाइलवर लिहून घ्या.