लघवी होते, तरी अडथळा कसा?

प्रश्न : माझे बाळ बारा दिवसांचे आहे. सातव्या महिन्यातील सोनोग्राफीत त्याच्या दोन्ही मूत्रपिंडांना सूज दिसली होती. जन्मानंतर चौथ्या दिवशी मूत्राशयात बारीक नळी घातली, औषध सोडून एक्स-रे काढले आणि ‘पोस्टेरियर युरेथ्रल व्हॉल्व्ह’ असे निदान झाले. आता दुर्बिणीतून शस्त्रक्रिया सुचवली आहे. नळी घालण्यापूर्वी बाळ दिवसाला सात-आठ दुपटी ओली करीत होते, त्यामुळे सासूबाईंना ही घाई पटत नाही. गरोदरपणात माझेच काही चुकले का?
– एक आई

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : नाही. हा दोष, म्हणजे मूत्रमार्गात लघवी अडवणारे पातळ पडदे, गर्भाचा मूत्रमार्ग घडत असतानाच, अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत तयार होतो आणि आईच्या खाण्यापिण्याशी किंवा कामाशी त्याचा संबंध नसतो. साधारण पाच ते आठ हजार मुलग्यांमागे एकात तो आढळतो. मुलींमध्ये हे पडदे नसतात.

सासूबाईंची शंका रास्त आहे, परंतु ओल्या दुपट्यावरून लघवी बाहेर येते एवढेच कळते. ती किती जोर लावून येते आणि मागे किती साठून राहते, हे कळत नाही. मूत्राशयाच्या तोंडाखाली, मूत्रमार्गाच्या सुरुवातीच्या भागात, पातळ पापुद्र्याच्या घड्या असतात. बाहेरून नळी घालताना त्या सहज बाजूला सरकतात, मात्र आतून लघवी आली की शिडासारख्या फुगतात आणि वाट अडवतात. म्हणूनच ‘नळी तर सहज गेली’ हा मार्ग मोकळा असल्याचा पुरावा ठरत नाही. हा अडथळा गर्भातच सुरू झाल्यामुळे मूत्राशयाचे स्नायू महिनोन्‌महिने जोर लावून जाड होतात, आणि काही बाळांची धार त्या जोरावर बरी दिसते. तो दाब मात्र उलट दिशेने मूत्रवाहिन्यांवर आणि मूत्रपिंडांवर जातो. सोनोग्राफीत दिसलेली सूज हीच.

नळी ही तात्पुरती सोय आहे. तिच्यामुळे दाब उतरतो, रक्तातील क्षार स्थिरावतात आणि भूल देण्याइतके बाळ सावरते. जन्मानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांतील क्रिएटिनिन (मूत्रपिंडे रक्तातून गाळून टाकतात तो टाकाऊ घटक) बरेचसे आईच्या रक्ताचे असते, त्यामुळे एका आकड्यावर न थांबता तो उतरतो की चढतो हे डॉक्टर पाहतात. नळी घातल्यावर काही बाळांना इतकी लघवी होते की शरीरातील पाणी व सोडियम झपाट्याने कमी होते. त्या दिवसांत परिचारिका प्रत्येक मिलीलिटरची नोंद ठेवतात, ती उगीच नव्हे. शस्त्रक्रियेत पोटावर छेद नसतो. बारीक दुर्बीण मूत्रमार्गातून नेऊन ते पडदे कापतात. बाळ फारच लहान असून दुर्बीण जात नसेल, तर ओटीपोटावर तात्पुरते छिद्र ठेवून लघवी बाहेर काढतात. काही महिन्यांनी पडद्याचा तुकडा उरला नाही ना, हे पुन्हा तपासावे लागते. त्यामुळे आता बाळाची प्रकृती स्थिर झाली असेल, तर शस्त्रक्रिया लांबवण्याने काही साधणार नाही.

घरी गेल्यावर एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी : ताप आला, तर तो सर्दीचा आहे असे गृहीत न धरता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून लघवी तपासावी. त्वचेला चिकटवलेल्या पिशवीतील नमुन्यात बाहेरचे जंतू मिसळतात, त्यामुळे संसर्ग ठरवताना डॉक्टर नळीने घेतलेला नमुना मागू शकतात.

प्रश्न : माझ्या मुलाचे हे पडदे तो वीस दिवसांचा असताना काढले. आता तो सहा वर्षांचा आहे, तरी शाळेत त्याची पँट ओली होते. मी रागावतो, संध्याकाळनंतर पाणी देत नाही. शस्त्रक्रिया फसली का?
– एक वडील

उत्तर : शस्त्रक्रियेने वाट मोकळी होते, मूत्राशय मात्र जुनाच राहतो. गर्भात जाड झालेली त्याची भिंत ताठर असू शकते आणि भरल्याची जाणीव मुलाला उशिरा होते. त्यातच दाबाने दुखावलेली मूत्रपिंडे लघवी घट्ट करू शकत नाहीत, म्हणून ती पातळ आणि भरपूर होते. मूल आळस करते असे मुळीच समजू नये. पाणी तर तोडूच नये, कारण हे शरीर ते मुळातच जास्त गमावते.

लघवी लागल्याचे मुलाने सांगण्याची वाट न पाहता, घड्याळ पाहून दर दोन-तीन तासांनी लघवीला पाठवावे, आणि करून झाल्यावर काही मिनिटांनी पुन्हा एकदा करायला सांगावे. मागे उरलेली बरीच लघवी त्या दुसऱ्या खेपेस येते. शिक्षकांना सांगून वर्गातून जाण्याची मुभा मिळवावी. बद्धकोष्ठ असेल तर आधी ते दूर करावे. लघवीनंतर मूत्राशयात किती उरते हे सोनोग्राफीने मोजून घ्यावे, धारेची तपासणी करावी आणि त्यासोबत रक्तदाब, क्रिएटिनिन व लघवीतील प्रथिने पाहावीत. यावरूनच औषध लागेल, की घरी नळीने मूत्राशय रिकामे करावे लागेल, हे ठरते. काही मुलांची मूत्रपिंडे वाढत्या वयात, शरीराचा भार वाढल्यावर, थकतात. म्हणून या तपासण्या मूल बरे दिसत असले तरी पौगंडावस्था संपेपर्यंत आणि त्यानंतरही सुरू ठेवाव्यात.