कंसातली ओळ

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

जाहिरात एजन्सीत कॉपीरायटर म्हणून रुजू झालीस, फार आनंद झाला. टॅगलाइन कशी सुचते, असं तू विचारलंयस. ते सरावाने जमेल. मला काळजी आहे ती स्क्रिप्टमध्ये कंसात लिहितात त्या पात्रांच्या वर्णनाची.

'फेअर अँड लव्हली' १९७५ साली आली. गोरेपणाचं वेड त्याआधीही होतंच. 'गोरी, गृहकृत्यदक्ष वधू पाहिजे' असं छापणारे आपलेच लोक. पण क्रीमच्या जाहिरातींनी त्या वेडाला पगार जोडून दिला. सावळी मुलगी मान खाली घालून बसायची, क्रीम लावायची, उजळायची आणि नोकरी मिळवायची. तिने अभ्यास काय केला, हे कुणी विचारतच नसे. २०१४ मध्ये जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल या संस्थेने नियम केला, की सावळी व्यक्ती दुःखी किंवा अनाकर्षक दाखवायची नाही. २०२० मध्ये नावातलं 'फेअर' जाऊन 'ग्लो' आलं. चांगलंच झालं. तरी आज संध्याकाळी टीव्हीचा आवाज बंद करून बँकेच्या, फ्लॅटच्या, बिस्किटांच्या जाहिराती बघ. नव्या घराची किल्ली घेणारी कशी दिसते? तिच्या घरी भांडी घासणारी कशी दिसते? इथे नियम मोडलेला नसतो, कुणी अवाक्षरही बोललेलं नसतं. त्यामुळे घरात बसून पाहणाऱ्या सावळ्या पोरीला भांडायलाही काही सापडत नाही. मला याचा खरोखर राग येतो.

सर्फची ललिताजी आठवते का? नसेल तर शोधून बघ. भाजीवाल्याशी घासाघीस करणारी, हिशेबी, ठाम बाई. मला ती फार आवडते. धुणं मात्र तिच्याच वाट्याचं होतं. कपडे धुणं हे बाईचंच काम का, हा प्रश्न एरियलने 'शेअर द लोड'मधून २०१५ मध्ये विचारला. दोन्हीकडे विकायची होती ती पावडरच.

तुझा हात सवयीने 'गृहिणी, वय ३२, गोरी, देखणी' लिहील. तिथे थांब. वॉशिंग मशीनपाशी बापाला उभं कर. गृहकर्जाचे प्रश्न बाईला विचारू दे. डॉक्टर सावळी असू दे, आणि त्याबद्दल संवादात एक शब्दही घालू नकोस. क्लायंट म्हणेल, "आपल्या प्रेक्षकांना हे चालणार नाही." तेव्हा शांतपणे विचार, हे कशावरून ठरवलंत? आणि उत्तर ई-मेलवर माग. बरेचदा तो ई-मेल येतच नाही.

पहिल्या मीटिंगमध्ये काय झालं ते कळव.

तुझी,
मावशी