ट्रेलरचं वायरिंग राहू द्या, आधी ती पॉलिसी बाहेर काढा

डेन्व्हरजवळ राहणाऱ्या एका वाचकाचं पत्र आहे. वय ३८, एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आयटीत नोकरी, पगार वर्षाला १,३५,००० डॉलर. पत्नी एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावर, सध्या नोकरी नाही. दोन मुलं. दारात २०२१ ची चार दारांची जीप रँग्लर, कर्ज फिटलेली, अडीच इंच उचललेली, ३५ इंची टायर घातलेली. आता मुलांसाठी बंक असलेला २९,००० डॉलरचा कॅम्पिंग ट्रेलर घ्यायचा आहे. प्रश्न असा: सात पिनांचं वायरिंग आणि ब्रेक कंट्रोलर (गाडीतून ट्रेलरचे ब्रेक लावणारं यंत्र) डीलर १,४५० डॉलरला बसवून देतो, हिचचं (ट्रेलर जोडायच्या आकड्याचं) काम करणारं दुकान ६५० ला. कुणाकडून बसवू?

पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलं आहे: “डाउन पेमेंटचे ५,००० आययूएल पॉलिसीवर करमुक्त कर्ज काढून देणार आहे. मंडळातल्या मित्राकडून १४ महिन्यांपूर्वी घेतली, महिना ९०० भरतो. तेवढ्यासाठी ४०१(के) तूर्त थांबवलंय.” (आययूएल म्हणजे शेअर निर्देशांकाशी बांधलेला, विमा आणि बचत एकत्र असलेला आयुर्विमा; ४०१(के) म्हणजे पगारातून भरायचं अमेरिकी निवृत्ती खातं.)

प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. ६५० वाल्याकडून. फक्त दोन गोष्टी विचारून घ्या. तुमच्या गाडीला कंपनीचं टो पॅकेज (ट्रेलर ओढण्यासाठी कारखान्यातूनच बसवून येणारं सामान) नाही, तेव्हा मागच्या दिव्यांच्या तारा सोलून जोड मारणार असेल तर नको म्हणा; प्लगला प्लग लागणारा हार्नेस (तारांचा जुडगा) आणि बॅटरीवरून फ्यूजसकट वेगळी वीज घेणारा मॉड्यूल हवा. दुसरं, कंट्रोलर प्रपोर्शनल हवा, म्हणजे गाडी जितक्या जोरात थांबते तितक्याच जोरात ट्रेलरचे ब्रेक लागतात. ठरावीक वेळाने ठरावीक जोर देणारा स्वस्त प्रकार घाटात उपयोगाचा नाही. चांगला कंट्रोलर दीड-दोनशे डॉलरला मिळतो. डीलरच्या आकड्यात माल थोडा आणि मजुरी फार आहे.

पण कंट्रोलर बसवल्यावर “साडेचार हजार पौंड आरामात ओढेल” असं तुम्ही लिहिलंय, ते खरं नाही. कंट्रोलर ट्रेलरला थांबवायला मदत करतो, गाडीची ओढण्याची मर्यादा वाढवत नाही. तुमच्या रँग्लरची कमाल मर्यादा ३,५०० पौंड आहे, तीही टो पॅकेज असलेल्या गाडीची. विक्रेत्याने दाखवलेले ३,४५० पौंड हे रिकाम्या ट्रेलरचं वजन. त्यात ३० गॅलन पाणी भरलं की अडीचशे पौंड, प्रोपेनच्या दोन टाक्या आणि बॅटरी सव्वाशे, भांडी-गाद्या-सायकली-कपडे मिळून पाचशे. झाले ४,३००. शिवाय ट्रेलरच्या जिभेचं, म्हणजे पुढच्या जोडदांड्याचं, साडेचारशे-पाचशे पौंड वजन गाडीच्या मागच्या बाजूवर येतं. गाडीची भार उचलायची क्षमता दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेली असते. रँग्लरची ती हजार पौंडांच्या आसपास, आणि त्यातच तुम्ही चौघं बसणार. मोठे टायर लावल्यावर गाडी थांबायला आधीच जास्त जागा लागते. आय-७० महामार्गावरून डोंगरातल्या आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत चढायचं म्हणजे ११,००० फूट. टर्बो नसलेल्या व्ही-६ इंजिनाची तिथे तीसेक टक्के ताकद गेलेली असते. मग दोन मुलांना मागे बसवून तोच उतार उतरायचा. हा ट्रेलर या गाडीला लावू नका. यात मला मधला मार्ग दिसत नाही.

कर्जाचंही बघू. बाकीच्या २४,००० मध्ये सर्व्हिस काँट्रॅक्ट आणि फिया मिळून ४,००० डीलरने घातले, म्हणजे २८,०००, ९ टक्क्यांनी, १५ वर्षं. हप्ता “फक्त २८४”. एकूण भरणार ५१,०००. त्यात विमा आणि उभा करायच्या जागेचं भाडं धरा, वर्षाला ५,००० गेले. तुम्हीच लिहिलंय की वर्षात बारा रात्री बाहेर पडू. रात्रीला ४०० डॉलर! एवढ्यात तंबू-ट्रेलर भाड्याने घेऊन वर चांगल्या केबिनमध्येही राहता येईल. “उरलेल्या दिवसांत भाड्याने देऊन हप्ता निघेल” ही आशा तर सोडूनच द्या. ट्रेलर धुणं, पोचवणं, गिऱ्हाईक सांभाळणं हे एच-१बीवर परवानगीशिवायचं काम ठरू शकतं. हप्त्यासाठी व्हिसा पणाला लावू नये.

आता ती पॉलिसी.

तुम्ही आजवर १२,६०० डॉलर भरलेत आणि “स्टेटमेंटवर ७,८०० दिसतात, त्यातून ५,००० काढेन” असं लिहिलंय. त्याच स्टेटमेंटवर आणखी एक ओळ असते, कॅश सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे आज पॉलिसी बंद केली तर हातात येणारी रक्कम. कर्ज त्या रकमेवर मिळतं, ७,८०० वर नाही. आययूएलमध्ये पहिली दहा-पंधरा वर्षं सरेंडर चार्ज, म्हणजे मधेच बंद केल्याची कपात, असतो आणि सुरुवातीला तो सगळ्यात जास्त असतो. चौदाव्या महिन्यात ती रक्कम शून्य किंवा काहीशे डॉलर निघाली तर मला नवल वाटणार नाही. म्हणजे ज्या पैशावर ट्रेलरचा बेत उभा आहे, तो पैसा बहुधा नाहीच.

पैसे गेले कुठे? पहिल्या वर्षाच्या टार्गेट प्रीमियमचा (कमिशन ज्या रकमेवर मोजतात तिचा) मोठा भाग विकणाऱ्याच्या साखळीत कमिशन म्हणून जातो. मग प्रत्येक प्रीमियमवरची कपात, महिन्याचा प्रशासन खर्च आणि विम्याचा खर्च, जो वयाबरोबर वाढत जातो. “बाजार पडला तरी शून्य, खाली नाही” हे खरं, पण खर्च त्याही वर्षी कापला जातो, म्हणून रक्कम खाली येतेच. बाजार चढला तर परताव्याला वरून टोपी, म्हणजे कमाल मर्यादा, असते, बहुतेक पॉलिसींत ९-१० टक्क्यांच्या आसपास, आणि ती टोपी कंपनी पुढे बदलू शकते. निर्देशांकाच्या परताव्यात लाभांश धरलेला नसतो. मित्राने दाखवलेलं ३० वर्षांचं रंगीत कोष्टक ही हमी नाही. त्या कोष्टकांत फुगवून आकडे दाखवतात म्हणून राज्यांच्या विमा आयुक्तांच्या संघटनेला २०१५ मध्ये नियम आणावा लागला, आणि २०२० व २०२३ मध्ये तो पुन्हा घट्ट करावा लागला. गणपतीच्या कार्यक्रमात ओळख झालेला माणूस, तोही मराठी, मुलं एकाच शाळेत. अशा माणसाला “सरेंडर व्हॅल्यू किती?” असं विचारायला जीभ रेटत नाही, हे मला कळतं. म्हणूनच ही पॉलिसी आपल्या लोकांत एवढी खपते, आणि याचा मला मनापासून राग येतो.

पण पॉलिसीपेक्षाही महाग पडलंय ते ४०१(के) थांबवणं. तुमची कंपनी पगाराच्या ४ टक्क्यांपर्यंत डॉलरला डॉलर घालते. वर्षाला ५,४०० डॉलर, तुम्ही फक्त तेवढेच घालायचे आहेत. चौदा महिन्यांत ६,३०० सोडून दिलेत, ते परत मिळत नाहीत. असंच २० वर्षं चाललं तर ६ टक्के परताव्याने फक्त कंपनीच्या वाट्याचेच २ लाख डॉलर होतात. कर वेगळा: वर्षाला १०,८०० प्रीमियममध्ये गेले ते ४०१(के)मध्ये गेले असते तर दोन हजारांच्या वर कर त्याच वर्षी वाचला असता.

आणि “दहा वर्षांनी पुण्याला परतायचा विचार आहे” असंही तुम्ही लिहिलंय. अमेरिकेत करमुक्त म्हणून विकलेलं भारतात आपोआप करमुक्त होत नाही. ४०१(के)सारख्या निवृत्ती खात्यांसाठी भारताने २०२१ च्या वित्त कायद्यात ८९अ कलम आणलं, म्हणजे परतल्यावर तिथल्या वाढीवर कर पैसे काढताना भरायची सोय झाली. तुमच्या आययूएलला तो आधार नाही. हे मित्राने सांगितलं होतं का?

एच-१बीवर नोकरी गेली तर नवी नोकरी शोधायला किंवा देश सोडायला हातात जास्तीत जास्त ६० दिवस असतात. तुमच्याकडे राखीव आहेत ९,०००, घरखर्च महिन्याला ५,०००. त्यात ९०० चा प्रीमियम आणि २८४ चा हप्ता. तेव्हा ट्रेलर विकायला काढाल आणि कळेल की त्याची किंमत कर्जापेक्षा कमी आहे, कारण नव्या ट्रेलरची किंमत पहिल्याच वर्षी जोरात पडते.

तेव्हा आता असं करा. याच आठवड्यात पेरोल पोर्टलवर जाऊन ४०१(के) निदान ४ टक्के सुरू करा. पगारात साधारण साडेतीनशेचा फरक पडेल. विमा कंपनीला थेट लिहा, मित्रामार्फत नको: आजची सरेंडर व्हॅल्यू, सरेंडर चार्जचं वर्षवार कोष्टक आणि नव्याने काढलेलं इन-फोर्स इलस्ट्रेशन (चालू पॉलिसीच्या पुढच्या वर्षांच्या अंदाजांचं कोष्टक) मागवा. हमी असलेला रकाना वाचा, बाकीचे नको. दरम्यान १० लाख डॉलरचा वीस वर्षांचा टर्म विमा काढा. सिगारेट नसेल आणि तब्येत ठीक असेल तर महिना साठेक डॉलर. टर्म हातात आल्याशिवाय आययूएल बंद करू नका, मधल्या काळात पत्नी-मुलं उघडी पडायला नकोत. टर्म सुरू झाला की, कागद वेगळं काही सांगत नसतील तर, प्रीमियम थांबवून बाहेर पडा. १२,६०० तले बहुतेक बुडतील, आणि तो तोटा करातही वजा मिळणार नाही. तो वसूल व्हावा म्हणून आणखी दहा वर्षं महिना ९०० भरत राहिलात तर आणखी एक लाख डॉलरच्या वर पैसे त्यात जातील.

९०० मधून साडेतीनशे आणि साठ वजा जाता ४९० उरतात, त्यात न घेतलेल्या ट्रेलरचे २८४ मिळवा. महिना पावणेआठशे राखीव खात्यात टाकलेत तर सव्वादोन वर्षांत सहा महिन्यांचा खर्च, ३०,०००, जमतो.

आणि मुलांना ट्रेलरची हौस असेलच, तर उन्हाळ्यात एखादा टिअरड्रॉप किंवा घडीचा तंबू-ट्रेलर दोन वीकेंड भाड्याने घ्या, भरून दोन हजार पौंडांच्या आत राहील असा. त्यांतल्या बऱ्याच हलक्या ट्रेलरना विजेचे ब्रेक नसतात, म्हणजे कंट्रोलर लागतच नाही. हिच बसवल्यावर दिव्यांपुरतं चार पिनांचं वायरिंग पुरतं. घेण्याआधी ट्रेलरवाल्याला ब्रेक कोणते ते विचारा, आणि दुकानदाराला सांगा की सध्या तेवढंच बसवून दे.