ग्रासहॉपरमध्ये केऑटिक नक्षी काढायला कोणतं मोफत प्लगइन वापरावं?

तुम्ही लिहिलंय की स्टुडिओ प्रोजेक्टसाठी जाळी करायची आहे, ग्रासहॉपरच्या (ऱ्हायनो या त्रिमिती सॉफ्टवेअरमध्ये तारांनी डबे जोडून आकार घडवायचं साधन) रँडम कंपोनंटने, म्हणजे त्यातल्या यादृच्छिक आकडे देणाऱ्या डब्याने, भोकं पसरवली तर ती नुसती सांडल्यासारखी दिसतात, आणि म्हणून ‘केऑटिक’ पॅटर्न देणारं फुकटचं प्लगइन हवंय.

प्लगइन आहे, पण बटण दाबलं की नक्षी बाहेर, असलं काही मनात असेल तर ते आधी काढून टाका. मी स्वतः तसलं शोधण्यात बरेच दिवस घालवलेत. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. केऑटिक नक्षी काढायची म्हणजे एखादं साधं सूत्र घ्यायचं, त्याचं उत्तर पुन्हा त्याच सूत्रात घालायचं, आणि हे हजारो वेळा करायचं. ग्रासहॉपरला नेमकं हेच चालत नाही. तिथे तारा डावीकडून उजवीकडे जातात; उजवीकडचं उत्तर मागे आणून त्याच कंपोनंटला जोडायला गेलात की तो अडून बसतो. म्हणजे तुम्हाला हवंय ते लूपचं प्लगइन, आणि ते म्हणजे अ‍ॅनिमोन. फूड फॉर ऱ्हायनोवर (प्लगइन्सच्या साइटवर) मोफत मिळतं. (जुन्या व्हिडिओंत हूपस्नेक दिसेल. तेही हेच काम करतं, पण नव्याने शिकताय तर अ‍ॅनिमोनच घ्या.)

उतरवलेली फाइल ग्रासहॉपरच्या कंपोनंट्स फोल्डरमध्ये टाकायची. विंडोजवर टाकण्याआधी तिच्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये ‘अनब्लॉक’वर टिक करा. ‘प्लगइन दिसतच नाही’ या तक्रारीमागे बऱ्याचदा एवढंच असतं.

अ‍ॅनिमोनमध्ये लूप स्टार्ट आणि लूप एंड अशी जोडी असते, मधे तुमचं सूत्र. दर फेरीचे बिंदू हवे असतील तर लूप एंडवर राइट क्लिक करून रेकॉर्ड डेटा चालू करा, नाहीतर फक्त शेवटचा बिंदू हाती येतो. हजारो फेऱ्यांसाठी फास्ट लूपची जोडी घ्या. साधा लूप दर फेरीला स्क्रीन रंगवत बसतो आणि तुम्ही चहा पिऊन येता.

आता सूत्र. जाळीसाठी मी क्लिफर्ड अ‍ॅट्रॅक्टर सुचवेन (सूत्राचे बिंदू ज्या आकारावर जाऊन जमतात तो अ‍ॅट्रॅक्टर), कारण तो सपाट आहे:

नवा क्ष = साइन(अ × य) + क × कोसाइन(अ × क्ष)
नवा य = साइन(ब × क्ष) + ड × कोसाइन(ब × य)

अ = −१.४, ब = १.६, क = १, ड = ०.७ घेऊन बघा. दोन्ही ओळींत जुनाच क्ष आणि जुनाच य वापरायचा. नवा क्ष काढून तोच दुसऱ्या ओळीत घातलात तर काहीतरी नक्षी येईल, पण ती क्लिफर्डची नसेल, आणि चूक सापडता सापडत नाही. साइन-कोसाइन कधी १ च्या पलीकडे जात नाहीत, त्यामुळे या आकड्यांना क्ष −२ ते २ मध्ये आणि य −१.७ ते १.७ मध्येच राहतो. चौकट आधीच ठरलेली, जाळीवाल्याला आणखी काय हवं!

या बिंदूंना रेषेने जोडू नका, नुसतं भेंडोळं होईल. आणि प्रत्येक बिंदूवर भोकही पाडू नका. मी पाडली होती. लेझर कटिंगवाल्याने फाइल उघडली आणि शांतपणे म्हणाला, “साहेब, ही जाळी कापली की अख्खी खालीच पडणार.” भोकं एकमेकांवर चढली होती, मधे मटेरियल उरलंच नव्हतं. तेव्हापासून मी चौकटीची ४० × ४० घरं पाडतो, प्रत्येक घरात किती बिंदू पडले ते मोजतो आणि त्या संख्येवरून भोकाचा व्यास ठरवतो. काही घरांत दोन-चार बिंदू आणि काहींत शेकडो येतात, म्हणून आधी संख्येचं वर्गमूळ घ्यायचं, मग रीमॅप, म्हणजे ते आकडे हव्या त्या व्यासांच्या पट्ट्यात बसवायचे. सर्वांत मोठा व्यास घराच्या रुंदीपेक्षा थोडा कमी ठेवला की पट्ट्या शाबूत राहतात. पन्नासेक हजार बिंदू पुरतात.

त्रिमितीत काही हवं असेल तर हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लोरेन्झचा १९६३ चा अ‍ॅट्रॅक्टर आहे (१०, २८ आणि ८/३ हे त्याचे नेहमीचे आकडे). तिथे बिंदू जोडायचे, पण पॉलीलाइनने (सरळ तुकड्यांच्या रेषेने). दहा हजार बिंदूंवर पाइप (रेषेभोवती नळी) लावलात तर फाइल गोठेल, म्हणून आधी सेव्ह. सुरुवात ०,०,० पासून करू नका. तो बिंदू जागचा हलत नाही. मी अर्धा तास प्लगइनला शिव्या घालत होतो.

एक गोष्ट मात्र नीट ऐका. केऑसला मराठीत गोंधळ म्हणायचा मोह होतो, आणि एका अर्थी तो शब्द चपखल आहे, देवीच्या गोंधळासारखा: बाहेरच्याला नुसता कल्लोळ, पण आत सगळं ठरलेलं. इथेही नशिबाचा भाग शून्य. तोच आरंभबिंदू दिला की तीच नक्षी. पण ‘तोच’ म्हणजे शेवटच्या दशांशापर्यंत तोच. लोरेन्झने १९६१ मध्ये ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ टाकून हवामानाचं गणित पुन्हा चालवलं आणि पुढचं सगळं हवामानच बदललं. ग्रासहॉपरचा पॅनलही आकडे छोटे करून दाखवतो. लूप मधेच थांबवून पॅनलवरचे आकडे वहीत उतरवलेत आणि उद्या तिथून पुढे सुरू केलंत, तर लोरेन्झची वेगळीच वाट मिळेल. क्लिफर्डमध्ये एकूण आकार तसाच दिसतो, बिंदू मात्र निराळे. तेव्हा आकडे हाताने उतरवू नका, डेटा इंटरनलाइज करा (फाइलमध्येच साठवा) किंवा सरळ बेक करून ठेवा (ऱ्हायनोत खरी आकृती म्हणून उतरवा).

रॅबिट नावाचं प्लगइनही कोणीतरी सुचवेल. ते सेल्युलर ऑटोमाटा (शेजारच्या घरांवरून बदलणारी घरं) आणि एल-सिस्टिमसाठी (फांद्यांसारख्या वाढणाऱ्या आकारांसाठी) आहे, छान आहे, पण तुमच्या कामाचं नाही. थोडं पायथन येत असेल तर प्लगइनचीही गरज नाही: स्क्रिप्ट कंपोनंटमध्ये दहा ओळींचा फॉर लूप अ‍ॅनिमोनपेक्षा कितीतरी वेगाने धावतो. मी हल्ली तेच करतो.

आणि ऱ्हायनोची चाचणी मुदत संपली असेल तर ब्लेंडर हे त्रिमिती सॉफ्टवेअर पूर्ण मोफत आहे. ४.० पासून त्याच्या जॉमेट्री नोड्समध्ये (ग्रासहॉपरसारखीच तारा-डब्यांची सोय) रिपीट झोन आला आहे, म्हणजे लूपसाठी वेगळं काही बसवायलाच नको. वरची सूत्रं तिथेही जशीच्या तशी चालतात.