प्राणिशास्त्रात बीएस्सी झालंय. गोव्यात राहून समुद्री जीवांच्या संशोधनात करिअर होईल का? परिषदांना जावं का?

होईल. दोना पावलाला १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, ताळगाव पठारावर गोवा विद्यापीठात सागरी विज्ञानाची एमएस्सी करता येते. सुरुवात बहुधा प्रकल्प सहायक म्हणून होते, मुदतीच्या कामावर. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा.

पण त्याआधी कासवांच्या विणीचा एक हंगाम मोरजी, आगोंद किंवा गालजीबागच्या किनाऱ्यावर काढाच. वनखात्याची परवानगी घ्या, कारण ऑलिव्ह रिडले कासवाला कायद्याने सर्वोच्च संरक्षण आहे. मादी एका वेळी शंभरेक अंडी घालते, पिंगपाँगच्या चेंडूएवढी, चामड्यासारख्या मऊ कवचाची. जाळीच्या कुंपणात प्रत्येक घरट्यापाशी पाटी, तिच्यावर तारीख आणि अंड्यांची संख्या. दीडदोन महिन्यांनी वाळू हलायला लागते. तोवरची रोजची नोंद, हेच खरं संशोधन. रापणकारांशी, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढून मासे पकडणाऱ्यांशीही बोला, त्यांना किनारा पाठ असतो.

परिषदांना जरूर जा. समुद्री कासवांवरचं तिसावं आंतरराष्ट्रीय संमेलन २०१० साली गोव्यातच भरलं होतं. विद्यार्थ्यांसाठी बंगळुरूची संवर्धन विज्ञान परिषद उत्तम. तिथे नुसतं ऐकायला नको, आपल्या नोंदींचं पोस्टर घेऊन जा.