भाऊसाहेब, आधी मुलाला फीचं सांगा

थोडक्यात पत्र असं: सोलापूर जिल्ह्यातले एक निवृत्त तलाठी लिहितात. मुलगा २३ वर्षांचा, बीसीए, ५८ टक्के. दहा महिने झाले, तालुक्याच्या गावी एका छोट्या इंटरनेट कंपनीत आहे, पगार १५ हजार. कोणत्या ग्राहकाला कोणता आयपी पत्ता (इंटरनेटवरच्या जोडणीचा क्रमांक) दिला याची नोंद ठेवायची आणि आपल्या नेटवर्कवरून कुणाला त्रास झाल्याच्या तक्रारी आल्या की त्या निस्तरायच्या, हे त्याचं काम. गेल्या महिन्यात कंपनीला सायबर पोलिसांचं पत्र आलं, त्याचं उत्तर यानं तयार केलं. वडील हादरले. त्यांनी पुण्यातल्या एका एमपीएससी क्लासची फी भरली आणि मुलाच्या मालकाला फोन करून 'दिवाळीनंतर तो येणार नाही' असं कळवलं. मुलाला यातलं काहीच माहीत नाही. 'याला यातून बाहेर कसा काढू?' असा त्यांचा प्रश्न आहे.

नमस्कार भाऊसाहेब,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. ५८ टक्क्यांचं मला काही वाटलं नाही, पोलिसांच्या पत्राचंही नाही. 'फी भरून टाकली, दिवाळीत घरी आला की सांगेन' या ओळीपाशी मात्र थांबलो. स्वतः कमावणाऱ्या मुलाची पुढची दोन-तीन वर्षं तुम्ही परस्पर ठरवून टाकलीत. आणि मालकाला फोन? उद्या मालकानंच त्याला विचारलं, 'काय रे, सोडून चाललास म्हणे?' तर तो काय उत्तर देणार? आपली नोकरी गेल्याचं त्याला तिसऱ्याच्या तोंडून कळेल, आणि ती घालवणारे आपले वडील होते हेही त्याच वेळी कळेल. स्पष्ट लिहितो, राग मानू नका: हे चुकलं. काळजीपोटी केलंत हे समजतं, तरी चुकलं.

तुम्ही लिहिता, 'परवा घरी आला होता तर रात्री साडेअकराला एका मेडिकलवाल्याला फोन करून कॅमेऱ्याचा पासवर्ड बदलायला सांगत होता. ही काय नोकरी झाली? पाहुण्यांना काय सांगू?' याच प्रसंगाबद्दल मला बोलायचंय. दुकानातल्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ज्या डब्यात होतं, तो कारखान्यातून येतानाच ठरावीक पासवर्ड घेऊन येतो आणि बहुतेक जण तो कधीच बदलत नाहीत. २०१६ साली 'मिराय' नावाच्या व्हायरसनं असेच लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. त्यांच्या माऱ्यानं २१ ऑक्टोबरला ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट अमेरिकेत कित्येक तास कोलमडल्या. त्या मेडिकलवाल्याला कल्पनाही नव्हती की आपला कॅमेरा रात्रभर दुसऱ्या कुणाच्या दारावर धडका मारतोय. तुमच्या मुलानं तक्रारीतल्या पत्त्यावरून नोंद काढली, दुकान शोधलं, माणूस शोधला आणि झोपायच्या आत ते थांबवलं. पाहुण्यांना हे सांगा.

आता तुमच्याच भाषेत. सातबाऱ्यावर फेरफार वेळेत चढला नाही तर काय होतं हे मी तुम्हाला सांगायला नको. जमीन एकाच्या ताब्यात, उतारा दुसऱ्याच्या नावावर आणि नोटीस तिसऱ्याच्या घरी. आयपी पत्त्यांचंही दप्तर असंच वरून खाली येतं. आशिया-पॅसिफिकसाठी एपनिक ही संस्था आहे, कार्यालय ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला. तिच्याखाली भारतात निक्सी या संस्थेची 'आयआरआयएनएन' ही नोंदणी आहे, तिच्याखाली मुलाची कंपनी आणि शेवटी ग्राहक. बँकेची शाखा, शाळा, दवाखाना यांना कायमचा पत्ता दिला की त्याची नोंद 'हू-इज' या उघड्या नोंदवहीत करायची. ती जगात कुणालाही पाहता येते, आणि तक्रार कुठे पाठवायची ती मेल-पेटीही तिथेच लिहिलेली असते. पेटी चालू आहे ना, हे एपनिक दर सहा महिन्यांनी तपासतं. एक फरक आहे: हे पत्ते कुणाच्या मालकीचे नसतात, वापरापुरते मिळतात. म्हणून सातबाऱ्याच्या मालकी रकान्यापेक्षा कुळाच्या नोंदीशी हे जास्त जुळतं.

नोंद नसली की काय होतं ते मी जवळून पाहिलंय. माझ्या ओळखीच्या एका छापखान्याच्या मेल आठवडाभर परत येत होत्या. लग्नसराईचे दिवस, पत्रिकांची प्रुफं गिऱ्हाइकांपर्यंत पोचेनात. छापखान्याचा दोष काहीच नव्हता. शेजारच्या पत्त्यावरून कुणीतरी स्पॅम पाठवत होतं, कंपनीनं कोणता पत्ता कुणाचा हे लिहिलंच नव्हतं, म्हणून स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांची काळी यादी ठेवणाऱ्यांनी २५६ पत्त्यांचा अख्खा गट अडवला. तिथे तुमच्या मुलासारखा एक माणूस असता तर एकच पत्ता अडला असता.

तुमच्या भीतीमागचा समज मात्र दूर करायला हवा. तुम्ही लिहिता, 'आयपी म्हणजे माणसाच्या अंगठ्याचा ठसा. मुलानं चुकीचं नाव दिलं तर तोच आत जाईल.' भाऊसाहेब, आयपी हा ठसा नाही. फार तर वाड्याच्या दिंडी दरवाजाचा नंबर आहे. जुन्या पद्धतीचे (आयपीव्ही४) पत्ते जगभरात मिळून सुमारे ४३० कोटी, आणि जागतिक साठा २०११ च्या फेब्रुवारीतच संपला. २०१९ पासून नव्या सदस्याला एपनिककडून जास्तीत जास्त ५१२ मिळतात. कंपनीची जोडणी तीन हजार घरांत असेल तर एका पत्त्यामागे पाच-पन्नास घरं राहणारच. त्यातलं नेमकं घर काढायचं तर पत्ता पुरत नाही. त्या पत्त्यामागच्या जोडणीचा वेगळा क्रमांक, म्हणजे पोर्ट क्रमांक, लागतो आणि सेकंदापर्यंतची वेळ लागते. वेळेचीही गंमत नाही. परदेशातून आलेल्या तक्रारीत '१४ तारीख, १८:४२ यूटीसी' (जागतिक प्रमाणवेळ) असं असतं. आपल्याकडे तेव्हा १५ तारीख लागून मध्यरात्रीचे १२ वाजून १२ मिनिटं झालेली असतात. हे साडेपाच तास मिळवायचे राहिले की भलत्याच घराचं नाव निघतं आणि सकाळी त्या घरापुढे पोलिसांची गाडी उभी राहते. तुमचा मुलगा ज्या वहीवर बसलाय ती वही असं होऊ देत नाही.

पोलिसांचं पत्र कंपनीकडून माहिती मागणारं होतं. पूर्वी ते सीआरपीसीच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या) कलम ९१ खाली यायचं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली येतं. माहिती मागितली म्हणून कुणी आरोपी होत नाही. पण मुलाला एक विचारा: उत्तरावर सही कुणाची होती? कंपनीच्या अधिकृत माणसाची हवी. नोकरीला दहा महिने झालेल्या पोराला एकट्याला सही करायला लावत असतील, तर त्यानं नम्रपणे नकार द्यावा. आणि सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे १८० दिवसांचे लॉग (यंत्रणेच्या वापराच्या नोंदी) ठेवले जातात का, ठरवून दिलेल्या घटना सहा तासांत कळवल्या जातात का, हेही त्यानं पाहावं. जिथे हे होत नाही तिथे फार दिवस राहू नये. तुमच्या काळजीला खरी जागा इथे आहे.

पगाराबद्दल तुमचं बरोबर आहे. १५ हजारांवर संसार होत नाही आणि छोट्या कंपनीत तक्रारींच्या टेबलावर जन्म काढायचा नसतो. आणखी वर्षभर हात बसू द्या, मग त्यानं मोठी जागा पाहावी: डेटा सेंटर, मोठ्या इंटरनेट कंपन्या, बँकांची सुरक्षा-देखरेख केंद्रं. एमसीए, सीसीएनए हे रस्ते सगळ्यांना माहीत आहेत, त्यावर शाई घालवत नाही. त्याआधी एपनिक अकॅडमीचे ऑनलाइन कोर्स करावेत, ते फुकट आहेत. राउटिंग (माहितीची वाट ठरवणं), आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे पत्ते) आणि आरपीकेआय (पत्ता ज्याचा त्याच्याच नावानं जाहीर होतोय याची खातरजमा) तिथेच शिकता येतं. इंग्रजीत चार ओळींचं स्वच्छ उत्तर लिहिण्याचा सराव करावा. या कामात गुणपत्रिकेपेक्षा ते जास्त उपयोगी पडतं.

एमपीएससी वाईट नाही. त्याला स्वतःला हवी असेल तर मी पहिला पाठिंबा देईन. पण तुमच्या चार पानी पत्रात त्याला काय हवंय, हे एकदाही आलेलं नाही.

तेव्हा दिवाळीची वाट पाहू नका. या रविवारी त्याच्याकडे जा. फीचं आणि त्या फोनचं, दोन्ही स्वतःच्या तोंडानं सांगा. मग त्याला म्हणा, तुझी ती हू-इजची नोंद मला दाखव. आयुष्यभर उतारे वाचलेत, दहा मिनिटांत समजेल. क्लासवाल्यांना फी परत मागा. नाही मिळाली तर तो खर्च तुमचा, त्याच्या नावावर टाकू नका.

पत्राखाली त्याचा मोबाईल नंबर दिला आहेत. मी त्याला फोन करणार नाही. तुमचं बोलणं झाल्यावर त्याला वाटलं, तर माझा नंबर त्याला द्या.